तीन मार्कांचं अंतर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेलं)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू आयटीत आहेस, एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलायला हल्ली प्रत्येक घरात एक शाळकरी मूल आहे, ते माझ्यापेक्षा चांगलं बोलेल. मला वेगळ्याच गोष्टीवर बोलायचंय. पाम, टेंभी, कुंभवली, सालवड, कोलवडे, बोईसर, ज्या घरात बारावी सायन्सचं मूल असतं त्या घरात निकालानंतर दोन महिने काय चालतं, त्यावर.

गेल्या जुलैत मी पामला आईकडे आले होते. संध्याकाळी शेजारचे काका मुलीला घेऊन आले. हातात एक घडी घातलेला कागद. त्यावर दोन इंजिनिअरिंग कॉलेजांची नावं आणि प्रत्येकासमोर तीन-चार आकडे. मुलीला सीईटीत उत्तम पर्सेंटाइल. पण पहिल्या पसंतीचं कॉलेज अगदी थोडक्यात हुकलेलं आणि दुसरं मिळालेलं. मुलगी दोन दिवस नीट जेवली नव्हती. "मी ड्रॉप घेते, पुढच्या वर्षी परत देते," एवढंच म्हणत होती. काका म्हणाले, "बाय, तू ह्याच लाइनीतली. तूच सांग, ह्या दोघांत फरक किती?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण मला १९९९ चा जुलै आठवला.

आमच्या वेळी सीईटी नव्हती. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ३०० पैकी किती, ह्यावर इंजिनिअरिंगचा प्रवेश ठरायचा. मी आणि माझी मैत्रीण, जी आत्ता तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि जिने हे सांगायला परवानगी दिली आहे, आम्ही पाचवीपासून एका बाकावर. मला तिच्यापेक्षा तीन मार्क जास्त पडले. ते तीन मार्क कुठून आले तेही आम्हाला पक्कं ठाऊक आहे. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मला सोपं सॉल्ट आलं आणि तिला अवघड. तिचं एक रॅडिकल चुकलं. बस्स.

त्या तीन मार्कांनी मला मुंबईतलं एक कॉलेज मिळालं आणि तिला दुसरं. नावं मी मुद्दाम घेत नाही. दोन्हीकडचे लोक इथे बसले आहेत आणि मला जेवून घरी जायचंय.

पण ही दोन कॉलेजं होती कशी, ते सांगते. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. अभ्यासक्रम एक. पुस्तकं तीच. परीक्षा एकाच दिवशी, एकाच वेळी, आणि प्रश्नपत्रिका तर अक्षरशः तीच. पेपर तपासणारेही विद्यापीठाने नेमलेले. शेवटी जी पदवी हातात पडली तिच्यावर विद्यापीठाचं नाव आणि आमचा वर्ग, दोघींची फर्स्ट क्लास. तरीसुद्धा त्या वर्षी माझ्या घरी पेढे वाटले गेले आणि तिच्या घरी तिच्या वडिलांनी तिला विचारलं, "त्या पोरीला मिळतं, मग तुला का नाही?"

आम्ही दोघी सकाळी बोईसरहून एकच गाडी पकडायचो. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल आलेली नव्हती, ती आली २०१३ साली. शटलने विरार, तिथून लोकल. एक शटल चुकली की लेक्चर गेलंच. बायकांच्या डब्यात आम्ही समोरासमोर बसायचो आणि पहिल्या वर्षी हळूहळू आमचं बोलणं कमी झालं. मी "आमच्या कॉलेजात" असं म्हणायला लागले होते. कुणी विचारलं नाही तरी कॉलेजचं नाव सांगायचे. तिला ते टोचत असणार. मला ते कळत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. आज ह्या माइकवरून ते कबूल करते.

मग तिसऱ्या सेमिस्टरला मला एम-थ्रीची केटी लागली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: अप्लाइड मॅथेमॅटिक्सचा तिसरा पेपर, आणि केटी म्हणजे नापास झालेला विषय पुढच्या वर्षात सोबत ओढत न्यायचा. आमच्या कॉलेजात त्या वर्षी हा विषय शिकवायला सत्राच्या मध्यापर्यंत कुणी नव्हतंच. नंतर जे आले त्यांनी फळ्याकडे तोंड करून पोर्शन संपवला. घरी मी सांगितलं नाही. ज्या घरात पेढे वाटलेत तिथे केटी कशी सांगायची?

तिने मला गाडीत रडताना पाहिलं. काही विचारलं नाही, वही काढली. तिच्या कॉलेजात, म्हणजे त्या "दुसऱ्या" कॉलेजात, एम-थ्रीला एक उत्तम बाई होत्या. त्यांच्या नोट्स तिच्या सुवाच्य अक्षरात. त्या दिवसापासून विरार ते बोईसर ती मला लाप्लास ट्रान्सफॉर्म शिकवायला लागली. वैतरणा येईपर्यंत एक गणित, सफाळ्याला दुसरं, केळवे रोडला ती माझी चूक काढायची, पालघरला गर्दी उतरली की वही मांडीवर पसरता यायची, आणि उमरोळीला "उरलेलं घरी कर" म्हणायची. मी पुढच्या वेळी तो पेपर सोडवला तो त्या वहीच्या जोरावर.

आता मला सांगा, आमच्या दोघींत "चांगल्या कॉलेजात" कोण होतं?

ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला पुढे बरीच वर्षं लागली. आणि ते मिळालं माझ्या कामातून. कॉम्प्युटरला कुठलीही यादी द्या आणि म्हणा, क्रमाने लाव. तो लावून देतो. एकाचे गुण ६२.४१ आणि दुसऱ्याचे ६२.३९ असले तरी तो एकाला वर आणि दुसऱ्याला खाली ठेवतो. क्रमांक लावणं ही जगातली सोपी गोष्ट आहे. पण क्रमांक लागला की मधलं अंतर दिसेनासं होतं. आपल्या शाळेच्या क्रीडादिनाचं बघा. पहिला, दुसरा, तिसरा अशा पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढायचे. त्या फोटोत दुसरा आलेला मुलगा पहिल्याच्या एक हात मागे होता की अर्धं मैदान मागे, हे दिसतं का? पायरी तेवढीच उंच दिसते.

कॉलेजच्या कट-ऑफचंही तसंच. कट-ऑफ म्हणजे काय? गेल्या वर्षी त्या कॉलेजात, त्या शाखेत, त्या प्रवर्गात शेवटी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचे गुण. तो आकडा सांगतो की गेल्या वर्षी किती मुलांना तिथे जायचं होतं. तिथे शिकवतात कसं, हे तो सांगत नाही. पण आपण काय करतो? कट-ऑफ जास्त म्हणून कॉलेज चांगलं म्हणतो. चांगलं म्हणून जास्त मार्कांची मुलं तेच वर लिहितात. त्यांनी वर लिहिलं म्हणून पुढच्या वर्षी कट-ऑफ अजून वाढतो. शेजारचं कॉलेज आहे तिथेच राहतं. एकदा पडलेलं तीन मार्कांचं अंतर असं वर्षानुवर्षं स्वतःलाच पोसत राहतं.

आज मार्कांऐवजी पर्सेंटाइल आहे. समजा तीन लाख मुलं पीसीएम ग्रुपच्या सीईटीला बसली, तर ०.१ पर्सेंटाइल म्हणजे तीनशे मुलं. पेपर २०० मार्कांचा, त्यात गणिताचा एकेक प्रश्न दोन मार्कांचा. एक प्रश्न इकडचा तिकडे झाला की शेकडो मुलं पुढे-मागे होतात. काकांची मुलगी अशाच एखाद्या प्रश्नाने हुकली होती. माझ्या मैत्रिणीला सॉल्ट अवघड आलं होतं, तसंच.

मग लोक म्हणतात, कट-ऑफ सोडा, सरकारी रँकिंग बघा. केंद्र सरकारची एनआयआरएफ नावाची क्रमवारी २०१६ पासून दरवर्षी येते. ती कशी बनते ते मी एकदा बसून वाचलं. पाच भाग आहेत. शिकवणं आणि त्याची साधनं ३० टक्के, संशोधन ३० टक्के, विद्यार्थ्यांचे निकाल व पुढची वाटचाल २० टक्के, मुली, बाहेरच्या राज्यांतले आणि दुर्बल घटकांतले विद्यार्थी किती हे १० टक्के, आणि लोकांच्या मनातलं नाव १० टक्के. यात वाईट काहीच नाही. पण संशोधनाचे ३० टक्के म्हणजे प्राध्यापकांनी किती शोधनिबंध लिहिले, पेटंट किती, प्रकल्प किती. देशासाठी ते फार महत्त्वाचं. पण पामहून सकाळच्या गाडीने जाणाऱ्या आणि चार वर्षांत नोकरीला लागू पाहणाऱ्या मुलीला पहिल्या वर्षी गणित कोण शिकवणार, हे त्यातून कळत नाही. शिवाय शंभराव्या क्रमांकानंतर ती यादी नेमका क्रमांक देतच नाही, १०१ ते १५०, १५१ ते २०० असे गट करते. म्हणजे यादी करणारेसुद्धा तिथे म्हणतात की ह्यांना एकत्रच धरा. आपणच त्यातून पहिला-दुसरा काढत बसतो.

आपल्या महाराष्ट्रातली सगळ्यात गाजलेली जोडी घ्या. पुण्याचं सीओईपी आणि माटुंग्याचं व्हीजेटीआय. एक १८५४ चं, दुसरं १८८७ चं. सीओईपीने विश्वेश्वरय्यांसारखा इंजिनिअर दिला. व्हीजेटीआयने मुंबईच्या गिरण्यांना आणि कारखान्यांना पिढ्यान् पिढ्या माणसं पुरवली. ह्या दोघांत मोठं कोण, यावर दर जुलैत घराघरात खडाजंगी होते. आणि गंमत म्हणजे सीईटीतली अव्वल मुलं ज्यांच्यासाठी अशी झुरतात, ती ही दोन्ही कॉलेजं एनआयआरएफच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या दहात कधीच नव्हती. म्हणून ती वाईट झाली का? नाही. यादी एक मोजते, आपल्याला हवं असतं दुसरं.

परदेशात तरी वेगळं आहे का? अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ एका प्रसिद्ध यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं. त्यांच्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने २०२२ मध्ये दाखवून दिलं की विद्यापीठाने यादीसाठी पुरवलेले काही आकडे बरोबर नाहीत. त्याच वर्षी विद्यापीठ दुसऱ्यावरून अठराव्यावर गेलं. त्या काही महिन्यांत तिथल्या एकाही वर्गातला फळा बदलला नव्हता. आपल्याकडेही २०२० मध्ये मुंबई, दिल्ली, मद्रास यांच्यासह सात आयआयटींनी एका आंतरराष्ट्रीय क्रमवारीत भाग घ्यायचं नाकारलं. मोजणी कशी होते ते नीट कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांचा नंबर वर लागतो तेच असं म्हणतात तेव्हा आपण ऐकायला हवं.

इथपर्यंत मी शहाणी वाटत असेन. आता माझी चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते, तिथे नव्या मुलांची भरती माझ्याकडे आली. एका जागेला शेकडो अर्ज. वेळ नव्हता. कुणीतरी सुचवलं, कॉलेजांची एक यादी करू, तिच्यात नाव नसेल तो अर्ज आपोआप बाजूला. मी मान्यता दिली. सोपं काम, एका ओळीचा फिल्टर. त्यानंतर वर्षभराने आमच्या प्रोजेक्टवर एका छोट्या कंपनीकडून एक मुलगा कंत्राटी कामाला आला. आमच्या टीमला तीन आठवडे न सापडलेला एक घोळ त्याने दोन दिवसांत शोधला. जेवताना गप्पा निघाल्या. गाव कुठलं? म्हणाला, बोईसर. कॉलेज? आपल्याच जिल्ह्यातलं. मी म्हटलं, अरे, मग आमच्याकडे अर्ज का नाही केलास? तो म्हणाला, "केला होता मॅडम. उत्तरच आलं नाही."

मला घास गिळवेना. पामची मुलगी, जिला "त्या दुसऱ्या" कॉलेजच्या वहीने पास केलं, तिनेच बोईसरच्या मुलाचा अर्ज न वाचता फेकला होता. त्याचे वडील माझ्या बाबांसारखेच एमआयडीसीत पाळीवर जाणारे. मी तो फिल्टर काढायला लावला. माझ्या टीमपुरतं तरी पहिली चाळणी कॉलेजचं नाव झाकून, सगळ्यांना एकच छोटी परीक्षा देऊन, असं सुरू केलं. पूर्ण कंपनीत ते मला जमलं नाही. हेही खरं सांगते.

म्हणूनच मी तुम्हाला असं सांगणार नाही की कॉलेजच्या नावाने काही फरक पडत नाही. पडतो. काही कंपन्या काही कॉलेजांतच जातात. ज्या घरात मागे आधार नाही, त्या घराला पहिली नोकरी कॅम्पसवर मिळणं फार मोठं असतं. आयआयटी मिळत असेल तर डोळे मिटून जा. जिथे प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि लॅबला कुलूप, तिथे कुणी बोलावलं तरी जाऊ नका. मोठं अंतर असेल तर ते माना. पण दोन सारख्या कॉलेजांतलं केसाएवढं अंतर मोठं करून त्याच्यापायी मुलाचं एक वर्ष, झोप, नाहीतर मैत्री घालवू नका.

अंतर छोटं असेल तर मग बघायचं काय? मी काकांना त्या संध्याकाळी जे सांगितलं तेच सांगते.

एक, प्रवास. बोईसरहून मुंबईत रोज जाऊन-येऊन पाच तास गेले आणि वर्षाला दोनशे दिवस कॉलेज धरलं, तर वर्षाला हजार तास झाले, चार वर्षांत चार हजार. आम्ही ते घातले आहेत. त्यात अभ्यासही होतो, पण डोकं विरारच्या आधीच थकतं. हॉस्टेल मिळणार का, परवडणार का, हे आधी विचारा. आज पालघर, बोईसर, विरारलाही इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, आमच्या वेळी हा पर्याय नव्हता.

दोन, शाखा. नावासाठी नको ती शाखा घेतली तर नाव पहिल्या वर्षी उपयोगी पडतं, शाखा आयुष्यभर.

तीन, पहिल्या दोन वर्षांचे विषय शिकवतं कोण. हे वेबसाइटवर दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या दोन मुलांना फोन करा आणि विचारा, तुमच्याकडे एम-थ्री कोण शिकवतं, कितीजण नापास झाले, लॅब किती वाजता बंद होते. दहा मिनिटांत जे कळतं ते कुठल्याच यादीत नसतं.

चार, प्लेसमेंटचा सगळ्यात मोठा पगार विचारू नका. तो एकाचा असतो. वर्गाच्या मधोमध उभ्या असलेल्या मुलाला किती मिळालं ते विचारा, आणि कितीजणांना मिळालंच नाही तेही.

काका सगळं ऐकून म्हणाले, "हे दोन मुलांचे फोन नंबर आणू कुठून?" आणि तिथे मी अडकले. कारण माझ्याकडेही नव्हते.

मग मी हिला फोन केला, तिसऱ्या रांगेतल्या हिला. तिने तासाभरात दोन्ही कॉलेजांतल्या मुली शोधून दिल्या. काकांची मुलगी रात्री साडेदहापर्यंत त्यांच्याशी बोलत होती. दुसऱ्या दिवशी तिने मिळालेली जागा घेतली. आता ती पहिल्या वर्षाला आहे. परवा भेटली तेव्हा म्हणाली, गणिताचे सर छान आहेत, कँटीन भिकार आहे, आणि अजूनही कधीकधी ती त्या दुसऱ्या कॉलेजचे फोटो बघत बसते. मी म्हटलं, बघ. मीही बघायचे.

शेवटचं. आपली शाळा कुठल्याच रँकिंगमध्ये नाही. आपल्यापैकी कुणीही ती कट-ऑफ बघून निवडली नव्हती. घराजवळ होती म्हणून आपण आलो. बाजूला कोण बसणार हेही आपण ठरवलं नव्हतं, बाईंनी हजेरीच्या क्रमाने बसवलं. सर, तुम्ही आम्हाला पहिला-दुसरा काढलात, पण मागच्या बाकावरच्याला शिकवायचं कधी थांबवलं नाहीत.

म्हणून आज जाण्याआधी एक काम करूया. दाराशी एक वही ठेवली आहे. आपण स्वतः, आपली मुलं, भाचरं, पुतणे ज्या ज्या कॉलेजात शिकले किंवा शिकत आहेत त्याचं नाव, शाखा आणि ज्याच्याशी बोलता येईल त्याचा नंबर, त्याला विचारून, त्यात लिहा. इंजिनिअरिंगच नव्हे, नर्सिंग, आयटीआय, फार्मसी, बी.एस्सी., सगळं. जुलैत पामच्या, टेंभीच्या, सालवडच्या कुठल्याही मुलाने फोन केला तर खरं बोलायचं, आपलं कॉलेज असलं तरी. वहीचं पहिलं पान हिने आणि मी लिहिलं आहे, शेजारी शेजारी, दोन्ही कॉलेजांची नावं घालून. ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी तिथे वाचावं.